पाण्याचा ताळेबंद आणि शरीराचा कारभार

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराचे नाव देशभर पोहोचले ते पाण्याच्या रेल्वेमुळे. मांजरा धरण आटले होते. नळाला कित्येक दिवस पाणी नव्हते. टँकर भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाने मार्च महिन्यातच जमावबंदीचा आदेश काढला होता. अखेर मिरजेहून कृष्णेचे पाणी घेऊन निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलच्या पहाटे लातुरात दाखल झाली. तिला दहा टाक्यांचे डबे होते आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास डब्यांची गाडी धावू लागली. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मांजरा भरले आणि संकट टळले.

त्या काळात चर्चा झाली ती धरणाची, उसाची, टँकरची आणि राजकारणाची. माणसाच्या शरीरात पाणी कमी पडले की नेमके काय घडते, याची चर्चा फारशी झाली नाही. वास्तविक लातूर हे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी राज्यभर ओळखले जाणारे शहर आहे. ‘लातूर पॅटर्न’च्या ओढीने येथे येणारे हजारो विद्यार्थी दरवर्षी मूत्रपिंडाची आकृती काढतात, नेफ्रॉनचे भाग पाठ करतात. पुस्तकात रक्ताभिसरण, उत्सर्जन, पचन, मज्जासंस्था अशी वेगवेगळी प्रकरणे असतात. शरीरात मात्र या संस्थांमध्ये भिंती नाहीत. त्या सर्व एकाच पाण्यावर चालतात, आणि ते पाणी कमी झाले किंवा दूषित झाले की बिघाड एका संस्थेपुरता राहत नाही. लातूरसारख्या शहरात पाण्याच्या प्रमाणाचा प्रश्न तीव्र असतो. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील काही गावांत पाण्याच्या गुणवत्तेचा प्रश्न त्याच्या जोडीला येतो. दोन्ही प्रश्नांची नोंद शेवटी शरीराच्या वहीत होते.

चाळीस लिटरची वाटणी

प्रौढ माणसाच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पाण्याचा असतो. पासष्ट किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात जवळपास चाळीस लिटर पाणी असते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण थोडे कमी, तर तान्ह्या बाळात बरेच अधिक असते. या चाळीस लिटरपैकी सुमारे दोन तृतीयांश पाणी पेशींच्या आत असते. उरलेले पेशींभोवती आणि रक्तात. रक्तातील द्रवाचा वाटा केवळ तीन लिटरच्या आसपास आहे. परंतु हृदय ज्याला फिरवते, मूत्रपिंड ज्याला गाळते आणि त्वचा ज्याच्यातून घाम तयार करते, तो हाच तीन लिटरचा साठा होय.

आरामात बसलेल्या माणसाचे पाणीही सतत खर्च होत असते. श्वासावाटे आणि त्वचेतून नकळत दिवसाला सुमारे पाऊण लिटर पाणी जाते. लघवीवाटे दीड लिटर, शौचावाटे थोडेसे. लघवीचे प्रमाण मूत्रपिंड कमी करू शकते, पण त्यालाही मर्यादा आहे. चयापचयातून निर्माण झालेला कचरा विरघळवून बाहेर टाकण्यासाठी दिवसाला किमान अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. ती त्याहून कमी झाली, तर कचरा रक्तात साठू लागतो.

घाम हा खर्च का करावा लागतो?

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जाणे नित्याचे आहे. शरीराचे आतील तापमान मात्र ३७ अंशांच्या आसपासच राखावे लागते. हवा थंड असते तेव्हा शरीरातील उष्णता त्वचेवाटे आपोआप बाहेर जाते. हवेचे तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, वर गेले की हा प्रवाह उलटा होतो. शरीर हवेकडून उष्णता घेऊ लागते. अशा वेळी घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. निसर्गाने दिलेली ही उत्तम शीतकरणाची सोय आहे. तिची किंमत मात्र पाण्यात आणि मिठात मोजावी लागते.

लातूरच्या आडत बाजारात पोती वाहणारा हमाल, वीटभट्टीवरील मजूर किंवा भर उन्हात नांगरट करणारा शेतकरी तासाला एक लिटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक घाम गाळू शकतो. कोरड्या उन्हात घाम झटकन वाळतो. त्यामुळे किती पाणी गेले हे त्या माणसाच्या लक्षातही येत नाही. मृगाच्या आधी हवा दमट होते तेव्हा उलट घडते. घामाच्या धारा लागतात, पण तो वाळत नाही. पाणी खर्च होते आणि थंडावाही मिळत नाही. म्हणूनच पारा थोडा उतरलेला असतानाही जूनमधील दमट दिवस मेच्या कोरड्या दिवसाइतकाच घातक ठरू शकतो.

गाळणीचा कारखाना

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाने असलेली मूत्रपिंडे आकाराने मुठीएवढी आणि वजनाने प्रत्येकी सुमारे दीडशे ग्रॅमची. त्यांच्या आकाराच्या मानाने त्यांना मिळणारे रक्त अचंबित करणारे आहे. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या पाच लिटर रक्तापैकी सुमारे एक लिटर मूत्रपिंडांकडे जाते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. त्यातून रक्तातील पाणी, क्षार, साखर आणि युरिया गाळले जातात. दिवसभरात असा १८० लिटर द्रव गाळला जातो. रक्तातील तीन लिटर द्रव दिवसातून साठ वेळा या गाळणीतून जातो, असा याचा अर्थ.

गाळलेले सारे बाहेर टाकले असते तर माणूस तासाभरात कोरडा पडला असता. म्हणून नेफ्रॉनच्या लांब नलिकेत उपयोगी वस्तू परत घेण्याचे काम चालते. साखर जवळजवळ सगळी परत घेतली जाते. मीठ गरजेनुसार आणि पाणी हुकुमानुसार. हा हुकूम मेंदूतून येतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील पेशी रक्तातील क्षारांची तीव्रता सतत मोजत असतात. ती टक्का-दोन टक्के वाढली तरी मूत्ररोधक संप्रेरक रक्तात सोडले जाते. ते मूत्रपिंडात पोहोचले की नलिका अधिक पाणी शोषून घेतात आणि लघवी कमी व गडद होते.

दुसरी सूचना रक्तदाबाकडून मिळते. रक्तदाब घसरला की मूत्रपिंड स्वतःच रेनिन नावाचा पदार्थ सोडते. त्यातून सुरू होणाऱ्या साखळीमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मीठ राखून ठेवले जाते. अशा रीतीने मेंदू, हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंड आणि अंतःस्रावी ग्रंथी मिळून पाण्याचा हिशेब जुळवीत असतात.

या व्यवस्थेत तहानेला उशिराचा क्रमांक आहे. मूत्रपिंडाने बचत सुरू केल्यानंतर तहानेची जाणीव होते. वय वाढते तशी ही जाणीव बोथट होत जाते. कामाच्या नादात असलेला मजूर आणि खेळात रमलेले मूलही तहान विसरते. ‘तहान लागेल तेव्हा पाणी पिऊ’ हा नियम सावलीत बसलेल्या निरोगी तरुणाला पुरतो. भर उन्हात राबणाऱ्याला आणि सत्तरीच्या आजोबांना तो पुरत नाही.

हिशेब तुटतो तेव्हा

पाण्याची तूट वाढू लागली की प्रथम हृदयावर ताण येतो. रक्तातील द्रव घटल्याने प्रत्येक ठोक्यागणिक कमी रक्त बाहेर पडते. ती कसर भरून काढण्यासाठी हृदय अधिक वेगाने धडधडते. त्याच वेळी उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडील रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. एकीकडे साठा घटलेला आणि दुसरीकडे मागणी वाढलेली अशी ही ओढाताण असते. उठून उभे राहताच घेरी येते ती यामुळेच. घामावाटे मीठ गेल्याने पोटऱ्यांत गोळे येतात. डोके दुखते, मळमळते. या टप्प्यावर सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी मिळाले, तर बहुतेकांची गाडी रुळावर येते.

त्यापुढील टप्पा उष्माघाताचा. त्वचा आणि मेंदू यांना रक्त पुरविण्यासाठी शरीर आतड्यांचा आणि मूत्रपिंडांचा पुरवठा कमी करते. रक्त आटलेल्या, तापलेल्या आतड्याचे अस्तर कमकुवत होते आणि एरवी आतड्यातच राहणारी जिवाणूंची विषद्रव्ये रक्तात उतरतात. त्यातून सर्वांगभर दाह पसरतो. आतील तापमान ४० अंशांपलीकडे गेले की मेंदूचे काम बिघडते. माणूस असंबद्ध बोलतो, झटके येतात, शुद्ध हरपते. अतिश्रम आणि उष्णतेमुळे स्नायूंच्या पेशी फुटल्या, तर त्यातील मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात येऊन नेफ्रॉनच्या नलिकांत अडकते. लघवी चहासारखी काळपट होते आणि मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. यकृत आणि रक्त गोठण्याची क्रियाही या फेऱ्यात सापडते. ऊन डोक्याला लागते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते एकाच वेळी पाच-सहा अवयवांना लागलेले असते.

उष्माघातात प्रत्येक मिनिट मोलाचे असते. रुग्णाला सावलीत नेऊन कपडे सैल करणे, अंगावर साधे पाणी ओतून जोराने वारा घालणे, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फ ठेवणे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे, ही कामे त्याच वेळी सुरू व्हावी लागतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तापाची गोळीही येथे उपयोगाची नाही. जंतुसंसर्गाच्या तापात मेंदू स्वतःच तापमानाची पातळी वाढवून घेतो आणि गोळी ती खाली आणते. उष्माघातात ती पातळी बदललेलीच नसते. उष्णता बाहेर टाकण्याची यंत्रणा हरलेली असते.

गोळीचा छुपा वार

मराठवाड्यातील कष्टकऱ्यांच्या खिशात अंगदुखीची गोळी अनेकदा असते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके औषधांच्या दुकानात सहज मिळतात. शरीरात पाणी भरपूर असताना एखादी गोळी निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. पाण्याची तूट असताना चित्र बदलते. रक्तदाब घसरलेला असताना मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने करतात. ही वेदनाशामके नेमकी त्याच रसायनांची निर्मिती रोखतात. दिवसभर उन्हात राबून, पुरेसे पाणी न पिता, रात्री पाठदुखीसाठी गोळी घेणारा माणूस आपल्या मूत्रपिंडाचा शेवटचा आधार काढून घेत असतो. एका दिवसात काही जाणवत नाही. वर्षानुवर्षे हाच क्रम चालला, तर नुकसान साचत जाते.

रक्तदाबाची काही औषधे आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनीही उन्हाळ्यात सावध असावे. जुलाब-उलट्या सुरू झाल्या असतील, तर या गोळ्यांचे काय करायचे हे डॉक्टरांना लगेच विचारावे. स्वतःच्या मनाने त्या बंद करणेही धोक्याचे आहे.

उष्णता, श्रम आणि मूत्रपिंड यांचे नाते जगात अन्यत्रही तपासले जात आहे. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत ऊसतोडणी करणाऱ्या तरुण मजुरांमध्ये मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण असाधारण आढळले. त्यांना मधुमेह नव्हता की उच्च रक्तदाब नव्हता. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्याच्या उद्दानम भागातही असाच आजार दिसून आला आहे. त्याचे एकच एक कारण निश्चित झालेले नाही. तरीही मध्य अमेरिकेत वारंवार होणारे निर्जलीकरण आणि उष्णतेचा ताण हे प्रमुख संशयित मानले जातात. तेथील ऊसमळ्यांत पाणी, विश्रांती आणि सावली यांची ठरवून व्यवस्था करण्याचे उपक्रम सुरू झाले, ते यातूनच. ज्या प्रदेशातून दरवर्षी ऊसतोडणीच्या टोळ्या बाहेर पडतात, त्या मराठवाड्याने हा धडा ध्यानात घ्यायला हवा.

मुतखडा आणि ‘उन्हाळी’

उन्हाळ्यात लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणण्याची रीत आहे. लघवी फार घट्ट झाल्याने ही आग होऊ शकते. तशीच ती मूत्रमार्गातील जंतुसंसर्गानेही होते. पुरेसे पाणी प्यायल्यावर एक-दोन दिवसांत आराम पडला नाही, ताप आला किंवा लघवीतून रक्त गेले, तर घरगुती उपायांवर विसंबू नये.

मुतखड्याचे मूळही याच घट्टपणात आहे. साखरेच्या पाकात पाणी कमी झाले की स्फटिक धरतात, त्याप्रमाणे लघवीत पाणी कमी झाले की कॅल्शियम आणि ऑक्झॅलेट यांचे स्फटिक जमू लागतात. बहुतेक खडे याच प्रकारचे असतात. बोअरच्या जड पाण्याने मुतखडा होतो, अशी समजूत मराठवाड्यात घट्ट रुजलेली आहे. अभ्यासांत हा थेट संबंध ठामपणे सिद्ध झालेला नाही. पाणी जड आहे म्हणून ते कमी पिणे, यानेच खड्याची शक्यता वाढते. दूध बंद करण्याचा सल्लाही बहुतेक रुग्णांना लागू पडत नाही. आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला बांधून ठेवते आणि त्याला रक्तात शिरू देत नाही. ज्यांना एकदा खडा झाला आहे, त्यांनी दिवसाला किमान दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, हा आजवरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

नांदेडच्या खडकातील फ्लोराइड

आतापर्यंत प्रश्न होता तो पाणी कमी पडण्याचा. पण भरपूर पाणी प्यावे, हा सल्ला देताना ते पाणी कोणते, हे पाहणेही भाग आहे. नांदेड शहराला गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पाचे पाणी मिळते. जिल्ह्यातील अनेक गावे मात्र भूजलावर अवलंबून आहेत. मराठवाड्याचा बहुतांश भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला असला, तरी नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागात ग्रॅनाइटसारखे प्राचीन खडक आढळतात. या खडकांतील काही खनिजांमध्ये फ्लोराइड असते. पाणी जितके खोल आणि जितका काळ खडकाच्या सहवासात राहते, तितके फ्लोराइड त्यात अधिक उतरण्याची शक्यता असते. विहिरी आटल्या की बोअर अधिक खोल घेतले जातात आणि दुष्काळाचा प्रश्न येथे गुणवत्तेचा प्रश्न बनतो.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, आणि दुसरा स्रोत नसल्यास दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून अधिक फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले की ते हाडांत आणि दातांत साठते. हाडांतील मूळ खनिजाच्या जाळीत ते स्वतःची जागा करून घेते. लहान वयात, दात तयार होत असताना, हे घडले तर दातांवर पांढरे, पिवळे, पुढे तपकिरी पट्टे उमटतात. हे पट्टे घासून जात नाहीत. मोठेपणी पाठीचा कणा आणि सांधे ताठरतात, अस्थिबंधांत चुना साठतो आणि वाकणे-बसणे कठीण होते. फ्लोरोसिसच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला. नांदेड हा महाराष्ट्रातील फ्लोरोसिसग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे.

येथे पुन्हा मूत्रपिंडाचा संबंध येतो. शरीरात शोषल्या गेलेल्या फ्लोराइडपैकी प्रौढांमध्ये साधारण निम्मे मूत्रपिंडावाटे बाहेर जाते. मुलांची वाढती हाडे त्याहून अधिक भाग धरून ठेवतात. मूत्रपिंड अधू असेल तर फ्लोराइड अधिक साठते. शिवाय उष्ण प्रदेशात माणूस पाणी अधिक पितो, त्यामुळे तेवढ्याच फ्लोराइडचे पाणी थंड प्रदेशापेक्षा येथे अधिक बाधते.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. प्रयोगशाळेतील तपासणी हाच ते ओळखण्याचा मार्ग. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड कमी करण्याची पद्धत नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने १९७०च्या दशकात विकसित केली. आज तेलंगणात असलेल्या नलगोंडा जिल्ह्याच्या नावाने ती ओळखली जाते. त्याहून सोपा उपाय म्हणजे पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसरा सुरक्षित स्रोत वापरणे. उथळ विहिरीचे पाणी किंवा साठविलेले पावसाचे पाणी फ्लोराइडच्या दृष्टीने सहसा बरे असते. जंतूंसाठी मात्र त्याचे शुद्धीकरण करावेच लागते. दूध, पालेभाज्या, आवळा, लिंबू यांचा आहारात समावेश असलेल्या मुलांत हाडांवरील दुष्परिणाम तुलनेने सौम्य राहतात, म्हणून आहाराकडेही लक्ष हवे.

पाणी टाळणाऱ्या स्त्रिया

पाणी उपलब्ध असूनही न पिणारा एक मोठा वर्ग आहे. शेतात, बांधकामावर, ऊसतोडणीच्या फडात काम करणाऱ्या स्त्रिया आडोसा नसल्यामुळे दिवसभर पाणी टाळतात. बाजारपेठेत काम करणाऱ्या स्त्रिया आणि अस्वच्छ स्वच्छतागृह असलेल्या शाळांतील मुलीही तेच करतात. पाणी कमी पिणे आणि लघवी तासन्तास रोखून धरणे, या दोन्हींमुळे मूत्राशयातील जंतू धुऊन निघत नाहीत. स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असल्याने संसर्ग मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतो आणि कधी तेथून मूत्रपिंडापर्यंत चढतो. गरोदरपणात याचा धोका अधिक असतो. या ठिकाणी ‘पाणी जास्त प्या’ हा सल्ला अपुरा आहे. स्वच्छ आणि जवळ असलेले स्वच्छतागृह ही मूत्रपिंडाच्या आरोग्याची पहिली अट ठरते.

मीठ-साखरेची जोडी

तूट भरून काढताना नुसते पाणी प्यावे की मीठ-साखर घालून? याचे उत्तर आतड्याच्या रचनेत आहे. लहान आतड्याच्या पेशींवर एक असा वाहक असतो, जो सोडियम आणि ग्लुकोज यांना एकत्रच आत नेतो. त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढले जाते. जुलाबांनी आतडे बिघडलेले असले तरी हा दरवाजा बहुधा चालू राहतो. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत याच तत्त्वावर मीठ-साखरेचे द्रावण वापरून असंख्य प्राण वाचविले. आजची क्षारसंजीवनी, म्हणजेच ओआरएस, ती हीच. पुडी जवळ नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण लक्षात ठेवावे. मीठ अंदाजाने वाढवू नये.

रोजच्या उन्हासाठी मीठ घातलेले ताक, पन्हे, लिंबू सरबत, ज्वारीची आंबील हे आपल्याकडील पदार्थ चांगले काम करतात. अति गोड शीतपेये आणि दारू मात्र शरीराला मदत करीत नाहीत. घाम खूप गळत असताना केवळ साधे पाणी अतिप्रमाणात पिणेही बरे नव्हे. त्याने रक्तातील सोडियम घसरते. हृदयविकार किंवा मूत्रपिंडविकार असलेल्यांनी आपले पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

उशिरा कळणारे नुकसान

मूत्रपिंडाची राखीव शक्ती मोठी आहे. एक मूत्रपिंड दान करूनही माणूस निरोगी जगतो तो याच शक्तीवर. पण तीच शक्ती आजार झाकून ठेवते. रक्तातील क्रिएटिनिन ठळकपणे वाढेपर्यंत जवळपास निम्मी कार्यक्षमता गेलेली असू शकते. पायांवर सूज, मळमळ, धाप ही लक्षणे त्याहूनही नंतर येतात. म्हणून मधुमेह आणि उच्च रक्तदाब असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्यावे. मूत्रपिंड निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणे आजही हीच दोन आहेत. उष्णता आणि निर्जलीकरण त्यांच्या जखमेवर मीठ चोळतात. रोजच्या देखरेखीसाठी यंत्राची गरज नाही. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे, गडद असेल तर कमी. काही औषधांनी आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी रंग बदलतो, तेवढा अपवाद ध्यानात ठेवावा.

मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली की डायलिसिस किंवा प्रत्यारोपण हेच पर्याय उरतात. लातुरात रेल्वेने पाणी आले त्याच २०१६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, जेणेकरून गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत ही सेवा मोफत मिळावी. या उपचारात मिनिटाला सुमारे अर्धा लिटर द्रव यंत्रातून वाहत असतो. चार तासांच्या एका बैठकीला सुमारे १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. ते तयार करताना वाया जाणारे पाणी वेगळेच. रुग्णाला अशा बैठका बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा, आयुष्यभर कराव्या लागतात. शरीरातील पाण्याचा हिशेब यंत्राच्या हाती गेला की तो असा महाग पडतो, आणि टंचाईच्या गावात तो अधिकच अवघड होतो.

यातील पुष्कळसे टाळता येण्यासारखे आहे. उन्हाळ्यात कामाच्या वेळा सकाळ-संध्याकाळ ठेवणे, बाजार समितीत आणि बांधकामावर सावली व पिण्याचे पाणी असणे, शाळेत मुलींसाठी वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह असणे आणि गावाच्या बोअरचे पाणी तपासून त्याचा निकाल सर्वांना दिसेल असा लावणे, ही कामे रुग्णालयाबाहेरची आहेत. ती होईपर्यंत घरातल्या वृद्धांना आणि मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता दर तासा-दोन तासांनी पाण्याचा पेला हाती देणे एवढे तर प्रत्येक कुटुंबाला करता येईल.